जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित ज्ञानसत्रात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत असल्याच्या या मंगल प्रसंगी मला बोलण्यासाठी जो विषय देण्यात आला तो 'ज्ञानदानाची बदलती साधने' हा होय. विषय मोठा आहे आणि माझा अधिकार लहान आहे. म्हणून मी त्यातील एकाच साधनाबद्दल, आणि तेही त्याच्या मोडक्या अवस्थेबद्दल बोलणार आहे. गेली काही वर्षे मी आणि माझी नात असे आम्ही दोघे, लोकांनी अडगळीत टाकलेले लॅपटॉप संगणक उघडतो, साफ करतो, जमेल तेवढे दुरुस्त करतो आणि ज्या विद्यार्थ्याला गरज आहे त्याच्या हाती देतो. मी जिंतूर तालुक्यात विज्ञानाचा शिक्षक म्हणून आयुष्य काढले; नात तंत्रनिकेतनात शिकते. माझ्या हाताला सोल्डरिंगची सवय आहे, तिच्या डोक्याला संगणकाची भाषा अवगत आहे. दोघांचे मिळून एक कारागीर होतो.

जीर्णोद्धार हा शब्द आपल्या समाजाला समजावून सांगावा लागत नाही. नवे मंदिर उभारण्यापेक्षा जुन्या मंदिराचा जीर्णोद्धार अधिक पुण्यप्रद, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपल्या जिंतूरजवळच्या नेमगिरीवर बुटक्या दारांतून वाकून आत शिरावे लागते आणि मग त्या भव्य मूर्ती एकदम समोर येतात. किती पिढ्यांनी त्या गुंफांची डागडुजी केली असेल, किती जणांनी तेथे दिवा तेवत ठेवला असेल, त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. बांधणाऱ्याचे नाव राहते, राखणाऱ्याचे राहत नाही. तरीही राखणारे नसते, तर बांधणाऱ्याचेही राहिले नसते.

शास्त्रांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. षट्खंडागमावरील धवला टीकेची प्राचीन ताडपत्रे कर्नाटकातील मूडबिद्री येथे शतकानुशतके जतन झाली, पण ती पूजेची वस्तू होऊन बसली होती. पाने जीर्ण होत होती आणि वाचणारे उरले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या पुढाकाराने प्रतिलिपीचे काम सुरू झाले. त्या कामातील पं. गजपति उपाध्याय यांनी आपल्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने खासगीरीत्या आणखी एक कन्नड प्रत तयार केली. ती प्रत मूडबिद्रीबाहेर गेली आणि पुढे तिच्याच परंपरेतून देवनागरी प्रती निघाल्या. अखेर १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला खंड आपल्या अमरावतीहून मुद्रित झाला. ती प्रत ज्या रीतीने बाहेर आली तिच्याबद्दल कोणाचे मत काहीही असो. मला त्यात विशेष वाटते ते हे की पतिपत्नींनी घरात बसून, पानामागून पान, हे काम केले. जुने साधन मोडण्याआधी त्यातील ज्ञान नव्या साधनावर उतरवून घेणे, हे आपल्याकडे पुष्कळदा कुटुंबातच घडत आलेले आहे.

आता या थोर कार्यापुढे आमचे मोडके लॅपटॉप फारच क्षुद्र आहेत, याची मला पूर्ण जाणीव आहे. पण २०२० साली शाळा बंद झाल्या आणि घराघरांत एका मोबाईलभोवती तीन-तीन भावंडे बसू लागली, तेव्हा साधन नसणे म्हणजे काय हे आपण सर्वांनी पाहिले. त्याच काळात नातीने घरातील माळ्यावरचा एक बंद लॅपटॉप खाली काढला. तो तिच्या काकांचा. पाच वर्षे बंद. तिने तो उघडून चालू केला आणि शेजारच्या मुलीला दिला. पुढे गावात बातमी झाली आणि लोक आपापले माळे रिकामे करू लागले.

मराठवाड्याच्या घरांना दुरुस्ती नवी नाही. जुन्या लुगड्यांची वाकळ होत असे. पितळी भांडी कल्हईवाल्याकडे जात. छत्रीची काडी बदलली जाई, छत्री नव्हे. माझ्या तरुणपणी आकाशवाणी परभणीवरचे शेतीविषयक कार्यक्रम ऐकण्यासाठी लोक ट्रान्झिस्टर जीवापाड सांभाळत आणि तो बिघडला की माझ्याकडे आणत. त्या वेळी बिघडलेली वस्तू दुरुस्त होणार हे गृहीत असे. आज ती फेकली जाणार हे गृहीत आहे. या मधल्या काळात वस्तू बदललीच, पण आपली वृत्तीही बदलली, आणि याचा दोष सर्वस्वी कंपन्यांच्या माथी मारणे मला प्रामाणिक वाटत नाही.

प्रत्यक्ष काम कसे चालते ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण पुष्कळांना ते जादूटोण्यासारखे वाटते. त्यात जादू काही नाही.

आमच्याकडे येणाऱ्या लॅपटॉपची तक्रार बहुधा एकच असते: 'चालू होत नाही.' नातीचा नियम असा की आधी मोजायचे, मग उघडायचे. पहिल्यांदा चार्जर तपासायचा. बहुतेक लॅपटॉपच्या चार्जरमधून सुमारे १९ व्होल्टचा दाब यावा लागतो. मल्टिमीटर लावला की क्षणात कळते. कितीतरी 'मेलेल्या' लॅपटॉपचा चार्जरच तेवढा मेलेला असतो. त्यानंतर बॅटरी काढून, चार्जर काढून, चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरायचे, म्हणजे आत अडकून राहिलेली वीज निघून जाते. मग मेमरीची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा शाळेतल्या खोडरबराने हलक्या हाताने पुसायच्या. या तीन उपायांना मिळून एक रुपयाही खर्च येत नाही आणि काही यंत्रे एवढ्यानेच उठून बसतात. मालकाला ते सांगितले की तो ओशाळतो. ओशाळण्याचे काही कारण नाही. त्याला कोणी हे शिकवलेलेच नसते.

उरलेल्यांपैकी पुष्कळांचा रोग म्हणजे धूळ. आपल्याकडचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो, आणि त्यात आपला हा कापसाचा प्रदेश. मानवत, सेलूकडच्या जिनिंगच्या परिसरातून एखादा लॅपटॉप आला आणि त्याचा तळ उघडला, की पंख्याच्या तोंडाशी धूळ आणि कापसाचे तंतू यांची नमद्यासारखी घट्ट गादी बसलेली दिसते. संगणकाच्या मुख्य चिपची उष्णता तांब्याच्या चपट्या नळीतून पंख्यापर्यंत येते आणि पंखा ती बाहेर फेकतो. वाट बुजली की चिप तापते आणि स्वतःला वाचविण्यासाठी यंत्र आपोआप बंद होते. मालक म्हणतो, बिघडला. नात म्हणते, "आजोबा, हा बिघडलेला नाही, गुदमरलेला आहे." ती गादी काढायची, चिप आणि तांब्याची पट्टी यांच्यामधला वाळून कडक झालेला लेप पुसायचा आणि ज्वारीच्या दाण्याएवढा नवा लेप लावायचा. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे लागते, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून त्याची बैठक खराब होते.

येथे एक गोष्ट आपल्या सभेत सांगितलीच पाहिजे. बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये मुंग्या आणि झुरळे घर करतात. उबदार, अंधारी, कोणी न हलवणारी जागा त्यांना आणखी कोठे मिळणार? बाजारातला कारागीर सरळ फवारा मारतो किंवा ब्लोअर लावतो. आमच्याकडे नात यंत्र उघडून बॅटरी काढते आणि तळ तसाच ओसरीच्या कडेला सावलीत ठेवून देते. उजेड आणि वारा लागला की जीव आपणहून निघून जातात. राहिलेल्यांना मऊ कुंचल्याने अलगद बाजूला केले जाते. यात एखादा दिवस जातो. जाऊ द्यावा. सूर्यास्तानंतर आम्ही काम करीत नाही, कारण दिव्यावर किडे येतात आणि उघड्या यंत्रात, सोल्डरच्या गरम टोकावर पडतात. पूज्य मुनिश्रींच्या हातातील पिंछीची सर आमच्या कुंचल्याला कशी येईल? पण यत्नाचार हा केवळ पाऊल टाकण्यापुरता नसून हाताच्या कामालाही लागू आहे, एवढे आम्ही त्यातून घेतले आहे.

स्क्रूंबद्दल दोन शब्द. एका लॅपटॉपमधून वीस-पंचवीस स्क्रू निघतात आणि त्यांची लांबी सारखी नसते. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो आतल्या पाटीला भोक पाडतो. माझ्या सौभाग्यवतींनी आपला जुना मिसळणाचा डबा आम्हाला देऊन टाकला आहे. त्याच्या सात वाट्यांत सात जागचे स्क्रू राहतात. हळदीचा वास अजून जात नाही.

आता सर्वांत नाजूक भाग, तो म्हणजे यंत्रातील मजकूर. लॅपटॉप देणारा यंत्र देतो, त्यातील आपले खासगी जीवन देत नाही. दुकानाचे हिशेब, बँकेची कागदपत्रे, मुलांचे फोटो, सर्व तसेच असते. नुसते 'डिलीट' केल्याने ते जात नाही. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतील ओळ खोडावी आणि पाने मात्र तशीच राहावीत, तसा तो प्रकार असतो. म्हणून जुन्या फिरत्या डिस्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्ये लिहावी लागतात, आणि नव्या एसएसडी पद्धतीच्या डिस्कला तिचीच अंगभूत पुसण्याची आज्ञा द्यावी लागते. आमचा नियम असा की देणाऱ्याला आधी विचारायचे, त्याला हवे ते उतरवून द्यायचे, आणि मगच पुसायचे. आपण ज्याला अदत्तादान म्हणतो, म्हणजे जे दिलेले नाही ते घेणे, ते पैशाच्या बाबतीतच घडते असे नाही. दुसऱ्याचे फोटो कुतूहलाने चाळणे हेही त्यातच येते असे माझे मत आहे.

एकदा समाजातील एका भगिनींनी आपल्या दिवंगत पतींचा लॅपटॉप आणून दिला. 'कोणा मुलाच्या उपयोगी पडेल' एवढेच त्या म्हणाल्या. तो चालू झाल्यावर नातीने पुसण्यापूर्वी त्यांना बोलावून घेतले. आत शिखरजीच्या यात्रेतील फोटो होते आणि त्यांच्या यजमानांच्या आवाजातील एक ध्वनिफीत होती, मुलाला सामायिकाचा पाठ शिकवतानाची. त्यांना ती असल्याचे ठाऊकच नव्हते. नातीने ते सर्व एका पेनड्राइव्हवर उतरवून त्यांच्या हाती दिले आणि मग डिस्क पुसली. लॅपटॉप आज वसतिगृहातील एका विद्यार्थिनीकडे आहे. त्या भगिनी येथे उपस्थित असतील; त्यांच्या अनुमतीनेच मी हे सांगितले.

डिस्कवरून आणखी एक मुद्दा येतो. जुना लॅपटॉप मंद चालतो याचे मोठे कारण बहुधा त्याची फिरती तबकडी असते. ती काढून त्याच जागी एसएसडी बसविली की दहा-बारा वर्षांचे यंत्र ओळखू येत नाही इतके चपळ होते. हा खर्च मात्र खरा खर्च आहे. मेमरीचे भाव वरखाली होत असतात, आणि अलीकडे ते वरच गेले आहेत. तरीही नव्या लॅपटॉपच्या किमतीचा तो लहानसा अंशच असतो.

यापुढचा प्रश्न संगणक चालविणाऱ्या मूळ प्रणालीचा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सेवा थांबविली. विंडोज ११ ला टीपीएम नावाची सुरक्षा-चिप दुसऱ्या आवृत्तीची लागते, आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीच्या आतले प्रोसेसर तिला चालत नाहीत. म्हणजे २०१७ च्या आधीचे, हाडाने मजबूत असलेले लाखो लॅपटॉप एका दिवसात 'कालबाह्य' ठरले. त्यांचे काहीही मोडलेले नव्हते. दक्षतेचे कारण दिले जाते आणि त्यात तथ्यही आहे; परंतु धडधाकट बैलाला केवळ त्याच्या जन्मसालावरून पांजरपोळात धाडावे, असा हा प्रकार मला वाटतो.

यावर बाजारात एक सोपा इलाज मिळतो, तो म्हणजे चोरीची प्रत. दोन-चारशे रुपयांत कोणीही ती टाकून देतो. आपल्यातील कितीतरी व्रतधारी कुटुंबांच्या संगणकांत ती असते, आणि ती चोरी आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ करतो, त्यांत 'तदाहृतादान' आहे, म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणे. आणि 'प्रतिरूपक-व्यवहार' आहे, म्हणजे अस्सल म्हणून नक्कल खपविणे. बिलाशिवाय स्वस्तात मिळणारा लॅपटॉप पहिल्यात मोडू शकतो. नामांकित कंपनीचे नाव छापलेले बनावट चार्जर आणि बॅटऱ्या दुसऱ्यात निश्चितच मोडतात. एका दुकानातून आम्हाला असाच एक चार्जर अस्सल म्हणून देण्यात आला होता. तो आतून उघडला तेव्हा त्यात सुरक्षेचे अर्धे भाग नव्हतेच. अडीच हजार वर्षांच्या परंपरेतील ही सूची इतकी आजची वाटावी, याचे मला नवल वाटत नाही; लोभ तोच आहे, वस्तू बदलल्या आहेत.

म्हणून आम्ही ज्याला अधिकृत विंडोज मिळू शकत नाही त्या यंत्रात लिनक्स घालतो. ही प्रणाली जगभरच्या लोकांनी मिळून तयार केलेली असून ती मोफत वापरण्याची, दुसऱ्याला देण्याची आणि सुधारण्याची रीतसर मुभा आहे. तिच्या मिंट नावाच्या हलक्या आवृत्तीला ४ जीबी मेमरी पुरते. लिहिण्यासाठी, हिशेबासाठी, इंटरनेटसाठी सर्व साधने तिच्यात आहेत. इन्स्क्रिप्ट कळफलकाने मराठी लिहिता येते. ज्ञान वाटल्याने वाढते हे आपण सुभाषितात म्हणतो. या मंडळींनी ते व्यवहारात करून दाखविले. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वाणिज्य शाखेच्या मुलाला टॅली शिकायचे असेल, तर त्याला विंडोजच लागते. त्याला लिनक्सचा लॅपटॉप देऊन आपण उपकार केल्याचा आव आणू नये. ज्याला जे हवे ते विचारून द्यावे.

दानाबद्दल बोलतोच आहे तर थोडे कडू बोलतो. ज्येष्ठांनी क्षमा करावी. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी साधारण निम्मे लॅपटॉप पुन्हा चालू होतात. उरलेल्यांतील काहींचे सुटे भाग उपयोगी पडतात. पण काही वस्तू अशा येतात की त्या देणाऱ्याने दान केलेल्या नसतात, आपल्या घरातील कचरा आपल्या दारात आणून टाकलेला असतो, आणि वर पावती मागितली जाते. चतुर्विध दानात आहार, औषध, शास्त्र आणि अभय सांगितले आहे. शिळे अन्न हे आहारदान होत नाही, मुदत संपलेली गोळी हे औषधदान होत नाही. फुटका पडदा आणि फुगलेली बॅटरी हे ज्ञानदान कसे होईल?

फुगलेल्या बॅटरीवरून सावधगिरीचा इशारा देतो. लॅपटॉपचा तळ किंवा माउसपॅड वर आलेला दिसला, तर आतली लिथियम बॅटरी फुगलेली असते. ती चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये. ती पेट घेते आणि ती आग सहज विझत नाही. ती घंटागाडीत तर मुळीच टाकू नये. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने मान्यता दिलेल्या पुनर्चक्रण केंद्रांची यादी प्रसिद्ध आहे. तेथेच ती जायला हवी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवरही पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकलेली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्क्यांचे रीतसर पुनर्चक्रण झाले. बाकीचा कोठे जातो? आपल्या देशात दिल्लीच्या सीलमपूरला, मुरादाबादला. तेथे गरीब माणसे तारा जाळून तांबे काढतात, आम्लात पाट्या बुडवून सोने काढतात. तो धूर त्यांच्या मुलांच्या छातीत जातो आणि ते आम्ल नदीनाल्यांत जाते. पाण्याच्या एका थेंबातील जीवांसाठी आपण पाणी गाळून पितो. माळ्यावरून भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेलेल्या लॅपटॉपचे पुढे काय झाले, हे विचारण्याची सवय मात्र आपल्याला अद्याप लागलेली नाही.

नवे यंत्र द्यावे की जुने नीट करावे, हा वाद केवळ आपल्या गावचा नाही. अमेरिकेतील निकोलस निग्रोपाँटी यांनी जगातील प्रत्येक गरीब मुलाला शंभर डॉलरचा लॅपटॉप देण्याची कल्पना मांडली. आपल्या केंद्र सरकारने २००६ साली त्या योजनेला नकार दिला. तरीही २००७ साली ते हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप प्रयोगादाखल आपल्या रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, खैराट या वाडीच्या एकशिक्षकी शाळेत आले. त्या यंत्राची रचना मुलांनाही उघडता यावे अशी होती. त्याच्या मुठीत जादा स्क्रू ठेवलेले असत. कल्पना फार सुंदर होती. किंमत मात्र शंभर डॉलरवर कधी आलीच नाही, ती जवळजवळ दुप्पट राहिली, आणि अनेक देशांत यंत्रे पोहोचली पण ती चालू ठेवणारी माणसे पोहोचली नाहीत. याउलट पुणे जिल्ह्यातील पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी यंत्रापेक्षा हातांवर भर दिला: मुलांनी वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी गावासाठी करायची आणि करता करता शिकायचे. माझा कल कोणीकडे आहे हे आपल्या ध्यानात आले असेलच.

आता आपल्या ट्रस्टपुढील प्रस्तावाकडे येतो. सुवर्णमहोत्सवानिमित्त वसतिगृहासाठी नव्या संगणकांचा कक्ष उभारावा, दात्यांच्या नावाच्या पाट्या लावाव्यात, अशी योजना आहे. दात्यांची भावना थोर आहे आणि मी तिला विरोध करीत नाही. गरज तर खरीच आहे. अभियांत्रिकी आणि औषधनिर्माण शास्त्राच्या प्रवेशाची सीईटी २०१९ पासून संगणकावर होते. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तर संगणक लागतो. आपल्या वसतिगृहात पालम, सोनपेठकडून आलेली अशी मुले आहेत की ज्यांच्या हाती माउस पहिल्यांदा येतो तो परीक्षा केंद्रावर. तीन तासांच्या परीक्षेत पहिला अर्धा तास हात थरथरण्यात जातो. त्या मुलाला बुद्धी कमी नसते, सराव नसतो.

माझी विनंती एवढीच की नवे संगणक थोडे कमी घ्यावेत आणि त्या रकमेतून एक दुरुस्तीचे टेबल उभे करावे. एक चांगला मल्टिमीटर, सोल्डरिंगचा संच, हाताला बांधायचा स्थिर-विजेचा पट्टा, काही एसएसडी, काही चार्जर आणि फुगलेल्या बॅटऱ्यांसाठी वाळू भरलेली एक धातूची पेटी. मंदिराच्या भांडारातील पैशाला हात लावण्याचे कारण नाही. ज्ञानदानाच्या निधीतून हे सहज होते. दहा वर्षांनी नव्या कक्षातील सर्व संगणक जुने होणार आहेत. त्या वेळी टेबल नसेल, तर त्या पाट्या बंद यंत्रांवर लागलेल्या राहतील. टेबलावर कोणाचे नाव लावायचे असा प्रश्न काल बैठकीत निघाला. मला वाटते, कोणाचेच लावू नये.

दुसरी अडचण माणसांची आहे, आणि ती पैशाने सुटणारी नाही. माझी दृष्टी आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. पाटीवरचे बारीक भाग मला भिंगातूनही पुसट दिसतात. नात येत्या जूनमध्ये पुढील शिक्षणासाठी पुण्याला जात आहे. तिला थांब म्हणण्याचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. तिने आपल्या वहीत प्रत्येक यंत्राची नोंद ठेवली आहे: काय तक्रार होती, काय तपासले, काय निघाले, कोणाला दिले. ती वही ती ट्रस्टकडे देऊन जाणार आहे. पण वहीवरून कोणी दुरुस्ती शिकत नाही. शेजारी बसूनच शिकतो. तिने जे माझ्याकडून घेतले ते असेच घेतले, आणि मी तिच्याकडून जे घेतले तेही. सत्तरीनंतर नातीच्या हाताखाली काम करण्यात काय आनंद आहे तो मी शब्दांत सांगू शकणार नाही. घरात एरवी आमचे बोलणे 'जेवलीस का' आणि 'औषध घेतलेत का' एवढेच झाले असते.

तेव्हा मला जूनपर्यंत दोन मुले-मुली हव्या आहेत. वय बारा ते वीस. गणितात हुशार असण्याची अट नाही. हात शांत हवा आणि स्क्रू जागच्या जागी ठेवण्याची सवय हवी. आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणी बरोबर येऊन बसणार असेल तर फारच उत्तम. टेबल मंजूर होईपर्यंत आम्ही दर रविवारी प्रक्षाळ-पूजेनंतर पाठशाळेच्या मागील खोलीत बसतो आणि सूर्यास्तापूर्वी उठतो. ज्यांना आपला जुना लॅपटॉप द्यायचा आहे त्यांनीही तेथेच यावे. त्यातील आपल्याला हवे ते आधी उतरवून घ्यावे, पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून द्यावा, आणि चार्जर घरी विसरू नये.

जयजिनेंद्र.